तेरावे रीळ

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, सांगलीत, तंबूचे सामान ठेवायच्या गोदामामागच्या खोलीत तू गेलास. एकवीस दिवसांचा विषमज्वर. खोलीत वहिनी होत्या. माझा धाकटा भाऊ मारुती उंबऱ्यावर बसला होता. मी साप्ताहिकाच्या कचेरीत मुद्रिते तपासत होतो. निरोप मला तीन वाजता मिळाला आणि मी साडेचारला आलो. उशीर का झाला असे पाचजणांनी विचारले, पाचांनाही मी काम होते असे सांगितले. काम दहा मिनिटांचे उरले होते.

सदाशिव, संपादकांनी तुझ्यावर चार चांगले शब्द मागितले आहेत. फिरता तंबू घेऊन तासगाव, फलटण, साताऱ्यापर्यंत सिनेमा नेणारा उद्योगी गृहस्थ, मनमिळाऊ, दिलदार. ते त्यांनी स्वतः लिहावे. तू मनमिळाऊ होतास हे मलाही मान्य आहे. त्या एका गुणावर तुला बाकीचे सगळे माफ होत गेले, अशी माझी तक्रार आहे. मी माफ केलेले नाही. कशाबद्दल, हे तुला ठाऊक आहे. वाचकांना ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

‘निळा स्वार’ हा सिनेमा तू युद्धाच्या आदल्या वर्षी आणलास. तोंडावर फडके बांधलेला घोडेस्वार घाटातल्या जुलमी जहागीरदाराचे खजिने लुटतो, घोड्यावरून धावत्या आगगाडीवर उडी मारतो आणि शेवटी निसटतो. पडद्यावर तो इतरांसारखाच काळापांढरा होता. निळा आहे हे फक्त तुझ्या फलकावरून कळायचे. तो फलक तू कपड्यांना घालायच्या निळीने रंगवला होतास आणि पहिल्याच वळवात स्वाराचा घोडाही निळा झाला होता.

तुझ्याकडे यंत्र एकच. एक रीळ संपले की कंदील मोठे व्हायचे आणि तू दुसरे चढवेपर्यंत लोक बिड्या पेटवायचे. संपलेल्या रिळाचा आकडा सारा तंबू एका सुरात ओरडायचा. ‘एक!’ ‘दोन!’ ही रीत कोणी घातली ठाऊक नाही. पक्क्या थेटरात दोन यंत्रे असतात, तिथे ओरडायला फट मिळत नाही. म्हणून तालमीतली पोरे थेटराला नावे ठेवायची: ‘तितं शिनेमा कुटवर आलाय त्येच कळत न्हाई.’

दुसरा भाग तू युद्धाच्या तिसऱ्या वर्षी आणलास. बाराव्या रिळाच्या शेवटी स्वार दरीवरच्या दोरखंडाच्या पुलाला एका हाताने लोंबकळतो आहे. जहागीरदाराचा माणूस कुऱ्हाडीने दोर तोडतो आहे. पलीकडच्या काठावर घोडा खूर आपटतो आहे. कुऱ्हाड वर जाते आणि रीळ संपते. तंबू ओरडला, ‘बारा!’ त्यानंतर काचेवर लिहिलेली पाटी पडद्यावर आली: पुढचा भाग लवकरच.

त्या पाटीवरचा शेवटचा शब्द माझा. आमचे साप्ताहिक त्या वर्षी सरकारी हुकमाने बंद होते आणि सात महिने मी तुझ्या जाहिराती लिहीत होतो. घरची चूल त्यावर पेटली. हे मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. तू काचेवर ‘पुढचा भाग येणार’ असे लिहून आणले होतेस. मी ‘येणार’ पुसून ‘लवकरच’ केले. ‘येणार’ म्हटले की लोक तारीख विचारतात, असे तुला समजावले. तू मान हलवलीस. ‘गड्या, तुला पेपरात उगंच न्हाई ठेवलं,’ म्हणालास. मला बरे वाटले होते.

मारुती त्याच आठवड्यात पलटणीत भरती होणार होता. सिनेमा सुटल्यावर आयर्विन पुलाकडे चालताना तो मला म्हणाला, ‘दादा, सुरवातीला त्यो सरकारी सर्टिफिकिटाचा कागुद दावत्यात, त्यावर रिळं तेरा लिवलीत. आपुन बाराच वरडलो.’

‘तो कागदच एक रीळ धरतात,’ मी म्हणालो.

असे कोणी धरत नाही. मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणायची मला सवय नव्हती.

मग वाट बघणे सुरू झाले. तू ते पाहिलेस, तंबूच्या दारातून, हात मागे बांधून. न्हाव्याच्या दुकानात तीन पक्ष पडले. घोडा लगाम फेकून त्याला वर ओढणार, हा एक. खाली नदी आहे, तो पोहत निघणार, हा दुसरा. कुऱ्हाडवाला मुळात आपलाच माणूस आहे, हा तिसरा, आणि तो शिकलेल्यांचा. पुण्याला कॉलेजात असलेला एक विद्यार्थी सुट्टीत आला. चहाच्या दुकानात तो म्हणाला की शेवटी स्वार मरतो, आपण पुण्याला बघितले आहे. त्याचा चहा अर्धा असताना त्याला उठवून बाहेर काढले. ‘मरतुया म्हणं! तुजं पुणं मेलं असंल!’ दुकानदार बोलला, मी ऐकले. मी बातमीदार. त्या विद्यार्थ्याच्या मागे जाऊन मी एक प्रश्न विचारायला हवा होता. मी माझा चहा संपवला.

तासगावात तर कहर झाला. तिसरा भाग आज लागणार अशी कोणीतरी हूल उठवली आणि तुझ्या तंबूपुढे बाजाराएवढी माणसे जमली. त्या दिवसांत पाच माणसे एकत्र दिसली की पोलीस येत. हवालदार आला.

‘कोन येनार हाय हितं?’

‘निळा स्वार,’ गर्दी म्हणाली.

हवालदाराने वही काढली. ‘कुठल्या गावचा?’

‘घाटावरचा.’

‘भूमिगत हाय का?’

‘आवं सायब, लोंबकळतुया!’ मागून कोणीतरी म्हणाले.

त्याने ते लिहून घेतले. तू ही गोष्ट शंभर वेळा सांगितलीस आणि दर वेळी मी हसलो. शेवटची चार वर्षे तू ती माझ्यासमोर सांगत नव्हतास. तेवढी लाज तुझ्यात होती, याची नोंद करतो.

मारुतीची पत्रे यायची. पलटणीची ठिकाणे लिहायला मनाई होती, त्यामुळे त्याला लिहायला विषय एकच उरला होता. तिसरा आला का? सदाभाऊंना म्हणावे मी रजेवर येईपर्यंत लावू नका. त्याला बाहीवर लान्सनाइकाची फीत, म्हणजे पहिली बढती, मिळाली होती. बिनतारी संदेशांचे काम तो चांगले शिकला होता आणि रजेवरून परतल्यावर त्याला पलटणीच्या डेपोतच नव्या भरतीला शिकवायला ठेवणार होते. आईने ते पत्र घडी करून देवाच्या फळीवर ठेवले होते. डेपोत राहणे म्हणजे ब्रह्मदेशात न जाणे, एवढे तिलाही कळत होते.

दिवाळीला तो रजेवर आला. आमचे साप्ताहिक तेव्हा पुन्हा सुरू झाले होते. तू कचेरीत येऊन माझ्या टेबलावर बसलास आणि म्हणालास, ‘छाप रं. तिसरा भाग येत्या शुक्रवारी. समद्यात पैला सांगलीत, मुंबईच्या बी आदी.’ मी विचारले, कंपनीचे पत्र आहे का. तू म्हणालास, ‘माजं त्वांड हाय की.’ मी चार ओळी छापल्या. मुंबईला कंपनीच्या पत्त्यावर चौकशीचे पत्रही घातले, पण ते छापल्यानंतर. अकरा दिवसांनी ते न उघडता परत आले: कंपनी बंद, पत्ता नाही. युद्धामुळे कच्ची फिल्म मिळेनाशी झाली होती आणि कंपन्या पटापट बंद पडत होत्या. हे मला अकरा दिवस आधी कळायला हवे होते.

मारुतीची रजा बुधवारी संपत होती. बातमी मी छापलेली. शुक्रवारपर्यंत तो राहिला. शुक्रवारी तू पुन्हा दुसराच भाग लावलास आणि तिसऱ्याची पेटी मिरजेला अडकली म्हणून सांगितलेस. शनिवारी, रविवारी मारुती सांगली स्टेशनवर प्रत्येक गाडीला गेला. सोमवारी मी त्याला जबरदस्तीने गाडीत बसवले. तो डेपोत सहा दिवस उशिरा पोहोचला. फीत काढून घेतली, चौदा दिवस कोठडी झाली आणि डेपोतली जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या तुकडीबरोबर तो ब्रह्मदेशात गेला. परत आला तेव्हा डाव्या हाताला तीन बोटे होती.

त्याच्या कोठडीचे पत्र आले त्या संध्याकाळी मी तुझ्या तंबूवर आलो. तिकिटाच्या खिडकीशी रांग होती. मी रांगेसमोर तुला खोटारडा म्हणालो. माझ्या भावाच्या जिवाशी खेळलास म्हणालो. तू खाली बघून ऐकलेस. मग म्हणालास, ‘मी बोललो. छापलंस तू.’

चार वर्षे आपले भांडण त्या वाक्यापुढे गेले नाही. मी म्हणायचो, बोलणारा जबाबदार. तू म्हणायचास, बोलणारे पुष्कळ असतात, तू खात्री करायचा पगार घेतोस. मला उत्तर सुचले नाही म्हणून मी तुझ्या घरी येणे बंद केले. वाटेत दिसलास तर पलीकडच्या बाजूने गेलो. पोर असताना एका पाटीवर दोघांनी लिहिलेले आपण, गणपती पेठेत समोरासमोर आलो तरी तू ‘काय रं’ म्हणायचास आणि मी दुकानातले भाव वाचायचो.

आणि मग मारुती लढाईहून आला, पंधरा दिवस घरी बसला आणि तुझ्याकडे कामाला लागला. तू त्याला बोलावलेस की तो आपणहून आला, हे मला दोघांपैकी कोणी सांगितले नाही. मी त्याला विचारले, लाज नाही वाटत? तो म्हणाला, ‘दादा, यंत्राला दोन बोटं कमी चालत्यात. दुसऱ्या कुटल्या कामाला चालत्यात ते तुमी सांगा.’ त्या दिवसापासून तुझ्यावरचा माझा राग वाढला. माझ्या भावाचे नुकसान तू केलेस आणि तो तुझ्याच तंबूचे दोर ओढत होता, तुझ्याच विनोदांना हसत होता.

आपली शेवटची भेट तू जायच्या पाच दिवस आधी झाली. मी समाचाराला आलो असे वहिनींना वाटले. मी कागद घेऊन आलो होतो. चार ओळींच्या बातमीला चार ओळींचा खुलासा: तिसरा भाग तयार झालेला नव्हता, बातमी निराधार होती, ती अमुकांनी दिली. तुझी सही हवी होती. तू कागद डोळ्यांजवळ नेलास. अंगात ताप होता, तरी वाचलास पूर्ण.

‘मी गेल्यावर छाप,’ म्हणालास.

‘तोवर कशाला थांबायचे?’

‘तवर बगू की, येतुया का.’

मी म्हणालो, तू अजूनही खोटे बोलतोस. तू डोळे मिटून घेतलेस. मी कागद उचलला आणि निघालो. कसा आहेस हे विचारायचे राहिले.

तू गेलास त्याच आठवड्यात, शुक्रवारी, वहिनींनी मला बोलावले. तुझ्या ट्रंकेतून त्यांनी फिल्मचा एक गोल पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर तुझ्या अक्षरात तेराचा आकडा होता.

‘भावजी, ह्ये तुमच्या हवाली करा म्हनून सांगून ठेवलंय ह्यांनी.’

मग त्यांनी सांगितले ते असे. दुसरा भाग तू पहिल्यांदा फलटणला लावलास, पूर्ण तेरा रिळे. माणसे थोडी होती, बाजारचा दिवस नव्हता. तेराव्या रिळात दोर तुटतो आणि स्वार मरतो. सिनेमा संपला तेव्हा आकडा कोणी ओरडला नाही. कंदील मोठे केले तरी कोणी उठले नाही. पुढे माणदेशातला एक म्हातारा धनगर बसला होता, काठी मांडीवर आडवी घेऊन. तो म्हणाला, ‘लेकरा, सोडव त्येला. त्याबिगर मी न्हाई उटत.’ तू त्याला समजावलेस की हा सिनेमा आहे. तो म्हणाला, ‘शिनेमाच म्हंतुया मी. सोडव.’ तू त्याच्याशेजारी बसलास. शेवटी उभा राहून सगळ्यांना म्हणालास, ‘मंडळी, चूक झाली. ह्ये दुसऱ्याच शिनेमाचं रीळ जोडलं गेलं. उद्या या, बराबर लावतो.’

त्यांनी लगेच मानले. म्हातारा उठला, काठी टेकून तुझ्या तोंडावरून हात फिरवून गेला. दुसऱ्या दिवशी तू बाराच रिळे लावलीस. ती काचेची पाटी त्यानंतर आली.

‘मंग परत लावायला हात धजला न्हाई,’ वहिनी म्हणाल्या. ‘लोकं इचारायची, कवा? ह्ये सांगायचे, येनार. पुढं पुढं ह्यांलाच वाटाया लागलं. लढाई संपल्यावर मुंबईला चार कंपन्यांना पत्रं घातली, कुनीतरी काढा म्हनून. भावजी, तुमच्या भावाचं झालं तवा दोन दिस जेवले न्हाईत. तुमाला सांगू नगं म्हनाले.’

मला सांगायला हवे होते, सदाशिव. मी हे छापले असते म्हणून तू सांगितले नाहीस. छापले असतेच. त्याने मारुतीची फीत परत आली नसती, पण तुला चार वर्षे मी ज्या नावाने हाक मारली ते वेगळे असते, किंवा नसते. मला ठरवता आलेले नाही. म्हाताऱ्या धनगरासाठी रीळ काढलेस ते एक. शुक्रवारची बातमी दिलीस ते दुसरे. पहिल्याने दुसरे धुऊन निघत नाही.

काल, रविवारी सकाळी, गोदामाची दारे लावून आणि भिंतीवर चादर बांधून मारुतीने ते रीळ चढवले. सुतकात हे चालते का, असे मी विचारले. वहिनी पदर सावरून तांदळाच्या पोत्यावर बसल्या. डबा पाहून मारुती दचकला नव्हता, म्हणून मी त्याला विचारले.

‘तुला ठाऊक होते?’

‘दोन वर्सं. ट्रंक मीच हलवत व्हतो. आन तेरा आन बारातला फरक मला आदीपास्नं कळत व्हता, दादा. तुमीच म्हनाला व्हता, कागुद एक रीळ धरत्यात.’

‘मग कधी लावून बघितले नाहीस?’

‘न्हाई. सदाभाऊंनी बी न्हाई.’

यंत्र सुरू झाले. कुऱ्हाड खाली आली. दोर तुटला. घोडा काठाने खाली उतरत राहिला. गावकऱ्यांनी स्वाराला वाळूवर ठेवले आणि तोंडावरचे फडके पहिल्यांदाच काढले. चेहरा साधा होता, तिशीच्या माणसाचा, तुझ्या-माझ्यासारखा. रीळ दहा मिनिटे चालले. चादर पांढरी झाली. यंत्र फिरत होते. वहिनी भिंतीकडेच बघत होत्या.

मारुती हळू आवाजात म्हणाला, ‘तेरा.’

मी खिशातला कागद काढून त्याला वाचून दाखवला आणि म्हणालो की हा आता छापणार.

‘छापा की,’ तो रीळ गुंडाळत म्हणाला. ‘तंबूत बसनारी मानसं तुमचा पेपर कुटं वाचत्यात?’

तर खुलासा असा. ‘निळा स्वार’चा तिसरा भाग तयार झालेला नाही. दुसऱ्या भागात स्वार मरतो. तिसरा भाग शुक्रवारी सांगलीत लागणार, ही या साप्ताहिकात आलेली बातमी निराधार होती. ती सदाशिवने दिली आणि मी, खात्री न करता, छापली. हे शेवटचे वाक्य तू वाचलेल्या कागदात नव्हते.

आज, सोमवारी सकाळी आठ वाजता, हा मजकूर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे देण्याआधी मी गोदामावरून गेलो. तुझा मोठा फलक उन्हात भिंतीला टेकवलेला होता. मारुती त्याच्यापुढे उकिडवा बसला होता, डाव्या हातात निळीची वाटी, उजव्यात तुझा कुंचला. घोडा आणि स्वार नव्याने निळे झाले होते. खाली ‘पुढचा भाग’ एवढे लिहून झाले होते. त्यापुढच्या शब्दाचा ‘ल’ ओला होता.